अर्धी अंथरलेली सतरंजी

मित्रांनो, नाकं मुरडू नका! मी एक जुनी सतरंजी आहे. कडेला उसवले आहे, मधोमध चहाचा डाग आहे. पण एके काळी माझा काय थाट होता म्हणून सांगू! नागपूरच्या हातमागावर माझे निळे-पांढरे पट्टे विणले गेले आणि रेल्वेत नोकरीला असलेल्या गुलाबरावांनी मला रायपूरला आणलं.

रायपूरच्या ब्राह्मणपारा वस्तीतल्या त्यांच्या आईच्या घरी एक गोणपाट असे. 'आपल्यातला नाही' असा माणूस आला की ते दाराजवळ टाकायचं आणि त्याला तिथंच बसवायचं. गुलाबराव तरुणपणी बहाई धर्मात गेले ते त्या गोणपाटाला विटून. सगळी माणसं एक, बाई-पुरुष समान, मध्ये पुजारी नाही. हे त्यांना मनापासून पटलं. ते गोणपाट त्यांनी स्वतः जाळलं आणि चौबे कॉलनीतल्या आपल्या घरी प्रार्थनेसाठी मला अंथरलं. मंत्रालयातला साहेब आणि भाजीवाली इंदू माझ्यावर मांडीला मांडी लावून बसत. "खुर्ची कोनालेच भेटनार नाही!" असं गुलाबराव हसत दटावत. मग मी अभिमानानं फुगणार नाही तर काय!

त्यांची लेक रूपाली माझ्यावरच रांगली. तो चहाचा डागही तिचाच, बरं का! मोठी झाल्यावर ती माझ्यावर बसून कॉलनीतल्या मुलांना प्रार्थना शिकवू लागली.

या उन्हाळ्यात एकदा ती आईबाबांसमोर येऊन बसली. नवा रायपूरला तिच्या ऑफिसात असलेली चित्रा घरी नेहमी येई. रूपाली म्हणाली, "पापा, चित्रा सिर्फ़ सहेली नहीं है. मुझे उससे प्यार है. ज़िंदगी उसी के साथ बितानी है."

गुलाबरावांनी चष्मा काढून ठेवला. अगंबाई! माझं सूतन् सूत थरारलं.

"पोरी, आपल्या धर्मात लग्न बाई न् पुरुषाचंच. मी काय नियम बदलवू?"

"मालूम है. पर ये भी तो सिखाया है कि मुझ जैसों से नफ़रत मत करो. फिर मैं बराबर हूँ या नहीं, पापा?"

गुलाबराव उठून आतल्या खोलीत निघून गेले.

पण खरा धक्का पुढच्या प्रार्थनेला बसला. गुलाबरावांनी मला पुरतं उलगडलंच नाही. दाराकडचं माझं टोक दुमडून ठेवलं आणि पलीकडे मोकळ्या फरशीवर एक प्लास्टिकची चटई टाकली. "रूपाली, तू तिथं बस. पोट्ट्यायच्या मधी नको." माझा विश्वासच बसेना. अहो, हेच का ते गुलाबराव?

रूपाली चटईवर जाऊन बसली. तेवढ्यात तिची आई, शारदाबाई, चहाचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही? लग्नाचा नियम असंन, पन ही चटई कोन्या नियमात हाय? हे तं तुमच्या आईचं गोनपाट झालं!"

ट्रे खाली ठेवून ती लेकीशेजारी चटईवर बसली. मग गुलाबराव वाकले आणि त्यांनी माझं दुमडलेलं टोक उलगडत थेट चटईपर्यंत नेलं.

"ये बाई, इकडं ये."

पण रूपाली उठली नाही. "पहले जवाब दो, पापा. मैं बराबर हूँ या नहीं?"

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी नाही म्हणणार. मला उन्हात टाका, पायपुसणं करा, हरकत नाही. पण अंथरायचं असेल तर मला पुरतं अंथरा. गुलाबराव आता दर वेळी पुरतं अंथरतात. माझ्या त्या टोकावर मात्र कुणालाच बसू देत नाहीत. उत्तर सापडेपर्यंत ती जागा रूपालीची आहे म्हणतात.