भजनाआधीचे कोमट पाणी

मी एक जुना पितळी गडवा आहे. मित्रांनो, मी काही देखणा नाही. काठाला एक मोठा पोचा आहे. पण तलमडुगु गावच्या महिला भजनी मंडळात माझ्याइतकी भजने कोणी ऐकली असतील, तर मी पैज हरायला तयार आहे.

मंडळाच्या मुख्य गायिका मथुराबाई यांनी मला विकत आणले, तेव्हा माझी कल्हई नवी होती. भजनाला निघताना त्या वाटीभर ज्वारीच्या मऊ कण्या खात आणि माझ्यात कोमट पाणी भरून घेत. ताक माझ्यात कधी ओतत नसत. आंबट मला सोसत नाही आणि गाण्याआधी त्यांच्या गळ्यालाही सोसत नसे. त्यामुळे आमचे छान जमले.

पुढे त्यांचा आवाज थकला. त्यांनी टाळ सुनेच्या, सुनयनाच्या हाती दिले. सुनयनाचा गळा गोड, पण मला सोबत न्यायची तिला लाज वाटे. तिने फ्रिजमधली बाटली घेतली आणि मी माळ्यावर गेलो. खरे सांगतो, मला फार वाईट वाटले.

पहिल्याच भजनाला यजमानांनी पंगत वाढली. ताट नाकारणे म्हणजे आमच्याकडे यजमानाचा अपमान. सुनयना भिडेपोटी बुंदी, भजी खात गेली, वर गार मठ्ठा प्यायली. मंचावर तिसऱ्याच ओळीला तिचा गळा बसला. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बायका घरी येऊन म्हणाल्या, "आता मावला गावचं भजन आखरी मौका. नाही तं दुसरी पाहू." हे सगळे मी माळ्यावरून ऐकले.

मथुराबाईंनी मला खाली काढले, राखेने घासले, कल्हई करून आणली.

"आई, पन लोकायच्या घरी नाही कसं म्हनू?" सुनयना रडवेली झाली होती.

"नाही म्हनूच नको. काई तरी माग."

मावल्याला यजमानीण आशाबाईंनी पुरणपोळीचे ताट पुढे केले. सुनयनाचा हात थबकलेला पाहून त्यांचा चेहरा उतरला. "काऊन वं, आमच्या घरचं गोड लागत नाई का?"

सुनयनाने मला पुढे केले. "मावशी, पह्यले तुमच्या चुलीवरचं कोमट पानी द्या. तुमचा पाहुनचार घेऊनच गाईन. ताट झाकून ठेवा, मंग पोटभर जेवतो."

आशाबाईंनी स्वतः पाणी तापवले आणि मला पदरात धरून मंचापर्यंत आणले. सुनयना दोन घोट प्यायली आणि गायला लागली. तिसरी ओळ आली तेव्हा सोबत आलेल्या मथुराबाईंनी डोळे गच्च मिटले. ओळ स्वच्छ पार पडली! 'दुसरी पाहू' म्हणणाऱ्या बायकांनीच सर्वांत मोठ्याने साथ धरली. भजन संपल्यावर सुनयनाने तीन पोळ्या खाल्ल्या. माझ्यात उरलेले पाणी मथुराबाई प्यायल्या.

मित्रांनो, गाणाऱ्याला आग्रह जरूर करा, पण गाणे झाल्यावर. आणि तुमच्या माळ्यावर माझा कोणी भाऊबंद पडला असेल, तर त्याला खाली काढा. त्याला फार काही लागत नाही. मूठभर राख, नवी कल्हई आणि कोणाची तरी तहान.