लाल टोकाच्या गोळ्या

सोळा वर्षं मी एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या सांबराच्या, शिकारीच्या परवान्यासाठी अर्ज करत होते आणि सोळा वर्षं सरकार मला 'यंदा नाही' असं कळवत होतं. सतराव्या वर्षी सोडतीत नाव निघालं. माझं, नोला हेगनचं. माझ्या नवऱ्याचं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचा अख्खा उन्हाळा परवाना जणू एल्डनलाच मिळाला होता.

माझे गुडघे गेलेत. झुडपांतून रांगत जनावराजवळ जाणं आता जमत नाही. एल्डनने त्यावर तोड काढली: मी जवळ जायचं नाही, गोळीने लांब जायचं. त्याने लांब पल्ल्याच्या नव्या गोळ्या मागवल्या, पेन्सिलीसारख्या निमुळत्या, लाल टोकाच्या. विकतच्या तयार काडतुसाला तो हातही लावत नाही. गॅरेजमध्ये बसून पितळी नळकांड्यात स्वतः दारू भरायची, वर स्वतः गोळी बसवायची. भाजीत मूठभर मीठ ओतणारा हा माणूस दारूचा एकेक दाणा चिमट्याने उचलून तराजूत ठेवायचा.

त्यातही गोळी किती खोल बसवायची, याचा त्याला भारी ध्यास. जितकी बाहेर ठेवावी तितकी ती बंदुकीच्या नळीच्या आतल्या पीळदार चरांना भिडते आणि नेम सुधारतो, असं त्याचं म्हणणं. जूनमध्ये सहाशे यार्डांवरच्या निशाणावर माझी पाच भोकं जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत पडली. त्याने गोळी जराशी बाहेर ठेवली. जुलैत नाश्त्याची ताटली. आणखी जराशी बाहेर. ऑगस्टमध्ये बशी.

शेजारचा रूलन कुंपणावरून विचारायचा, "एल्डन, एल्क मारायचंय की सुईत दोरा ओवायचाय?" एल्डन लक्षच द्यायचा नाही. खरं सांगायचं तर मलाही मजा येत होती, पण ते मी त्याला कळू दिलं नाही. डोक्यावर बसला असता.

हंगामात नशीब रुसलं. कधी धुकं, कधी वारा, कधी नुसत्या माद्या, आणि परवाना फक्त नराचा. शेवटच्या दिवशी ट्रक दीड मैल खाली ठेवून आम्ही बर्फातून धापा टाकत कड्यावर चढलो. दोनच्या सुमारास समोरच्या उतारावर नर दिसला. सहाशे दहा यार्ड. मी आडवी झाले, काडतूस नळीत सरकवलं, श्वास सोडला. तेवढ्यात महाराज चालत चालत देवदारासारख्या फरच्या झाडीत शिरले आणि तिथेच राहिले.

एल्डन म्हणाला, खालच्या वाटेने जाऊन बघू. भरलेली बंदूक घेऊन बर्फात चालायचं नाही, हे वडिलांनी मला आठव्या वर्षी शिकवलंय. मी काडतूस काढायला बंदुकीचा मागचा दांडा, बोल्ट, मागे ओढला.

नळकांडं बाहेर आलं. गोळी आली नाही. ती चरांत घट्ट रुतून बसली होती, आणि नळकांड्यातली सगळी दारू बोल्टवर, घोड्यात, माझ्या बाहीत सांडली.

आम्ही दोघं बघतच राहिलो. उन्हाळ्यात दोनशे काडतुसं भरली आणि दोनशेच्या दोनशे उडवली. भरलेलं काडतूस न उडवता बाहेर काढायची वेळ एकदाही आली नव्हती.

"सळई कुठाय?" मी विचारलं. पुढून सळई घालून ढकलली असती तर गोळी निघाली असती.

"ट्रकमध्ये," एल्डन म्हणाला आणि चौसष्टाव्या वर्षी, एका लंगड्या पायाने, उतारावरून पळत सुटला.

मी ओंडक्यावर बसून सँडविच काढलं. तो आल्यावर त्याला काय काय ऐकवायचं याची मनात जुळवाजुळव सुरू केली. लग्नापासून सुरुवात करायची ठरवली. अर्ध्या तासाने तोच नर दरी ओलांडून माझ्या बाजूच्या झाडीतून बाहेर आला. तीस पावलांवर. शिंगांना दोन्ही बाजूंना सहा-सहा फाटे, मी मोजले. तेवढा वेळ त्याने दिला. हात आपोआप तुंबलेल्या बंदुकीकडे गेला आणि तसाच सँडविचवर परत आला. त्याने मला पोटभर बघून घेतलं आणि सावकाश निघून गेला. मला रडू आलं. रागाचंच होतं ते.

दीड तासाने एल्डन आला. तोंड लालबुंद, टोपी कुठेतरी पडलेली, अंगात नुसता शर्ट. कोट सळईभोवती गुंडाळला होता, पडलो तर ती वाकू नये म्हणून.

"काही आलं का?" त्याने विचारलं.

माझं भाषण लग्नापासून तयार होतं. "एक खार आली होती," मी म्हटलं.

त्याने गोळी ढकलून काढली, बोल्ट पुसला, आणि अंधारून शिकारीची वेळ संपेपर्यंत आम्ही बसून राहिलो. काहीही आलं नाही.

निघताना ओंडक्यापासून तीस पावलांवर तो थांबला. बर्फात तळहाताएवढे खुरांचे ताजे ठसे उमटले होते. तो बराच वेळ वाकून बघत होता.

"नोला, ही खार?"

"चांगली पोसलेली होती."

मी त्याच्या खांद्यावर कोट टाकला आणि आम्ही उतरायला लागलो.

"पुढचा परवाना असाच सतरा वर्षांनी मिळाला तर मी अठ्ठ्याहत्तरची असेन," मी म्हटलं.

एल्डन म्हणाला, "तोवर गोळी जराशी आत बसवतो." आणि माझा दंड धरला; त्याला आधार हवा होता की मला द्यायचा होता, ते मी विचारलं नाही.