स्टुलावरून जाणारी धूळ

मिस्त्रीने हवा साफ करायचं मशीन टांगलं, त्या दिवशी ती हरखून गेली होती. आता त्या हरखण्याचाच तिला सगळ्यात जास्त राग येत होता.

घराच्या पाठीला लागून त्यांचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबोळकी खोली, एका टोकाला करवतीचं मशीन, दुसऱ्या टोकाला पॉलिश सुकवायचं टेबल आणि त्याच्या अलीकडे तिचं स्टूल. तो लाकूड कापायचा, जोडायचा. ती घासायची, पॉलिश करायची. गल्लीत त्याला सगळे मिस्त्री म्हणत. ती एरवी ‘अहो’ म्हणे. चिडली की तिच्याही तोंडी मिस्त्री येई.

खोकला थंडीत लागला तो थंडी सरली तरी गेला नाही. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, खोल श्वास घ्यायला लावला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, “हवा बदला, नाहीतर काम बदला.” काम तर तिच्या बोटांत भिनलेलं. डोळे मिटून फळीवरून तळहात फिरवला की कुठे खरखर राहिलीय ते तिला कळायचं. लाकडाचा रंग ओल्या फडक्याखाली उमलून येताना पाहिला की तिचं मन निवायचं. ते काम सोडून दिवसभर करायचं काय, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

म्हणून दोघं मशीन आणायला गेली. दुकानदार बोलत होता तो फक्त मिस्त्रीशी. निळा दिवा लागणारं, सुवास सोडणारं एक गोंडस खोकं त्याने पुढे सरकवलं.

“वहिनींना हे आवडेल. आवाज नाही, काही नाही. शांत झोप.”

“वहिनींना झोपायचं नाहीये,” ती म्हणाली. “वहिनींना लाकूड घासायचंय. अगदी बारीक धूळ धरणारं दाखवा, फिल्टर काढून बदलता येईल असं. आणि खोली लांब आहे आमची. तिला पुरेल असं हवं.”

दुकानदाराने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने पंख्यांच्या रांगेकडे पाहिलं.

शेवटी आलं ते पत्र्याचं, बोजड, छताला टांगायचं. एका तोंडाने धुळीची हवा ओढायची, दुसऱ्या तोंडाने गाळलेली सोडायची. मिस्त्रीने संध्याकाळच्या आत ते टांगूनही टाकलं, तिच्या स्टुलाच्या बरोब्बर वर. नवऱ्याने माझ्यासाठी मशीन लावलं, असं ती गल्लीभर सांगत सुटली.

आणि खोकला वाढला.

आज सकाळी खिडकीतून ऊन आडवं आत आलं. मिस्त्री करवतीवर फळ्या चिरत होता. तिने पॉलिशचं फडकं पिळलं, मान वर केली आणि तिला ती दिसली. धूळ. एरवी न दिसणारी, पिठाहून मऊ, उन्हात सोन्यासारखी चमकणारी. करवतीपासून निघाली होती आणि वरातीसारखी संथ, डुलत, अख्खी खोली ओलांडून तिच्याकडे येत होती. तिच्या कपाळापाशी आली, नाकापाशी आली, मग वर वळून मशीनच्या तोंडात गेली.

ती उठली आणि तिने करवतीचं बटण बंद केलं.

“मशीन इथे का टांगलं?”

“इथे म्हणजे?”

“माझ्या डोक्यावर.”

“ओल्या पॉलिशवर कण बसत होते ना,” तो खुशीत म्हणाला. “ते गिऱ्हाईक बोट फिरवून दाखवत होतं, विसरलीस? आता बघ. गाळलेला वारा सरळ टेबलावर. एक कण नाही.”

तिने वळून टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे टेबलासाठी लावलं.”

“दोन्हीसाठी गं. धूळ जातेय ना मशीनमध्ये?”

“जातेय. पण माझ्या छातीतून वाट काढून जातेय. मशीनच्या आधीचा फिल्टर मी आहे, मिस्त्री. मशीनचा निदान बदलता तरी येतो.”

“उगाच काहीतरी.”

“बसा इथे.”

तो बसला. तिने एक टाकाऊ फळी घेतली, करवत सुरू केली आणि पातं ओरडेस्तोवर फळी रेटली. उन्हातून धूळ निघाली. मिस्त्री तिला येताना बघत राहिला. जवळ आली तशी त्याने मान फिरवली.

“फिरवू नका,” ती आवाजावर आवाज चढवून म्हणाली. “पॉलिश करताना मी मान फिरवली तर फळीवर ओघळ येतात.”

त्याने मान सरळ केली. तिने दुसरी फळी रेटली. तो खोकायला लागला तेव्हाच तिने करवत थांबवली.

“त्या भिंतीला लावा,” तिने लांब भिंतीकडे बोट केलं. “करवतीच्या जवळ. ओढणारं तोंड करवतीकडे, स्वच्छ वारा माझ्याकडे. आणि करवतीच्या पोटाला पाइप जोडा. धूळ उडायच्या आधी तिथेच धरायची. मशीनने फक्त उरलेली खायची.”

“त्या भिंतीवर बाबांचे फर्मे आहेत.”

आता कुठे खरं बाहेर आलं. खुर्च्यांच्या पाठी, हात, पाय आखायचे ते पातळ लाकडी नमुने. सासरे गेल्यापासून एकावरही पेन्सिल फिरली नव्हती. त्यांना जागा होती. तिला नव्हती.

“फर्म्यांना श्वास लागत नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला तो रागाने की खोकल्याने, तिलाच कळलं नाही.

करवतीच्या किंचाळण्याने सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“आई, तूच सांग हिला,” मिस्त्री म्हणाला. “बाबांची आठवण आहे ती.”

सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. “त्या खुर्च्यांनी माझी पाठ गेली. त्यांना कधी बोलले नाही, तुला सांगते. उतरव.” आणि आत निघून गेल्या.

मिस्त्रीने शिडी आणली. एकेक फर्मा उतरला, तसा भिंतीवर त्याचा आकार उरत गेला. धुळीने काळवंडलेल्या भिंतीत गोऱ्या पाठी, गोरे पाय, टेकायला पुढे केलेले गोरे हात. भिंत इतकी काळी झालीय, हे तोवर दोघांनाही दिसलं नव्हतं. तो शिडीवर थबकला. बोटाने भिंत पुसली, बोट पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तिने नजर दिली नाही, बोल्ट आवळायचा पाना दिला.

मशीन नव्या जागी लागेपर्यंत ऊन सरकून गेलं. घरघर सुरू झाली, पण खोलीत धूळ आहे की नाही, काहीच दिसेना.

“झालं समाधान?” त्याने मऊ आवाजात विचारलं.

“उद्या ऊन आलं की बघेन.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“उन्हावर आहे.”

त्याने मशीन बंद करायला हात उचलला, तर ती म्हणाली, “चालू राहू दे. आपण जेवायला गेलो म्हणून धूळ खाली बसत नाही.” त्याने हात मागे घेतला. मग टेबलाकडे वाकला. “ओल्या पॉलिशवर कण बसलेत गं.”

तिने ते मघाशीच पाहिले होते. एरवी फडक्याच्या टोकाने एकेक टिपून घेतला असता.

“बसू देत,” ती म्हणाली, आणि स्टूल उचलून नव्या वाऱ्यात नेऊन ठेवलं.