फाटकापलीकडचा परदेश

"साहेब, हे कार्ड इथं नाही चालत. अपॉइंटमेंट आहे का?"

रखवालदारानं ओळखपत्र दोन्ही हातांनी परत केलं. मान राखला तो तेवढाच.

नंदकुमार परब सरकारी कारखाने निरीक्षक. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत तो आयुष्यभर न सांगता कुठल्याही शेडमध्ये शिरत आला होता. त्याची मोटारसायकल वळणावर दिसली की मालक धावत जाऊन यंत्रांवर जाळ्या चढवायचे. आज मात्र तो निर्यात क्षेत्राच्या फाटकाबाहेर उन्हात ताटकळत होता, आणि शेजारी वनमाला.

वनमाला जोगेश्वरीला त्याच्याच चाळीत राहायची. तिची मुलगी गंधाली इथं आत, एका परदेशी कंपनीत, दागिन्यांना मुलामा द्यायच्या कामाला होती. रसायनांच्या टाक्यांवरची विषारी वाफ ओढून घेणारा पंखा बंद पडला, तरी काम थांबलं नाही. पोरी नाकातोंडाला ओढण्या बांधून उभ्या राहिल्या. एका दुपारी गंधाली टाकीपाशीच कोसळली, ती गेलीच. काल तिचं बारावं झालं. आज सकाळी वनमाला दारात येऊन म्हणाली, "भावजी, पंखो अजून बंदच हा म्हणतत," आणि नंदकुमारनं चहाचा कप तसाच खाली ठेवला.

त्यानं साहेबांना फोन लावला. मधुकर चौबळ आता उपसंचालक होते, पण नोकरीला दोघं एकाच वर्षी लागलेले.

"नंदू, तिथं आपलं काही चालत नाही रे. आतल्यांसाठी वेगळा अधिकारी आहे."

"त्याचं काम निर्यात वाढवायचं. तो पंखा बघणारे?"

चौबळांनी आवाज खाली आणला. "कंपनीनं वर सांगितलंय, त्रास दिलात तर व्हिएतनामला जातो. मला मंत्रालयातून फोन आलाय, यार. घरी जा तू."

वनमाला त्याच्या तोंडाकडे बघत होती. "तुमी सरकारची माणसां ना? मगे तुमका कोण अडवता?"

त्यानं ओळखपत्र खिशात सारलं.

अखेर कंपनीचा मॅनेजर, केयूर, स्वतःच बाहेर आला. तिशीचा मुलगा. वनमालेला बघून त्याची मान खाली गेली.

"आत्ताच्या आत्ता पंखा दुरुस्त करा," नंदकुमार म्हणाला. "तोवर टाक्या बंद."

"सर, मी मेल टाकलाय. लाइन थांबवायची तर हेड ऑफिसची परवानगी लागते. खरं सांगतो, माझ्या हातात खिडकी उघडणंसुद्धा नाही."

"हेड ऑफिस कुठंय?"

केयूरनं एका देशाचं नाव घेतलं. नंदकुमारनं ते फक्त बातम्यांत ऐकलं होतं.

जेवणाची सुट्टी झाली. गंधालीची मैत्रीण प्रांजल फाटकापर्यंत आली. तिचे डोळे लाल होते. रडून की वाफेनं, कळत नव्हतं.

"काका, बंद नका ना करू," ती हळूच म्हणाली. "मागच्या गल्लीतली कंपनी अशीच गेली. आम्ही कुठं जायचं?"

नंदकुमारला वाटलं, आता वनमाला चिडेल. पण तिनं फाटकाच्या गजांतून हात घालून पोरीच्या गालावर ठेवला. "घरी गेल्यार डोळे धू गे," म्हणाली. मग तिचा आवाज आणखी उतरला. "तिच्यो चपला थंयच ऱ्हवल्यो. तेवढ्यो दी माका."

आत कंपनीचे बूट घालावे लागत. चपला दाराशी मांडणीवर राहत. प्रांजल धावत गेली आणि घेऊन आली. निळे पट्टे, एका अंगठ्याला शिवण.

रखवालदार पुढे झाला. "थांबा. गेटपासशिवाय वस्तू बाहेर जात नाही. कायद्यानं आतला भाग परदेश धरतात ना."

"चपला आहेत त्या," नंदकुमार म्हणाला.

"मला कळतं, साहेब. पण कॅमेरा आहे."

केयूरनं पास आणला. 'चपला, वापरलेल्या, एक जोड.' मिळाल्याची सही हवी होती. वनमालेला लिहिता येत नव्हतं. नंदकुमारनं खिशाचं पेन काढलं, सवयीनं नावाखाली हुद्दा लिहायला गेला, थांबला, आणि तिथं 'शेजारी' असं लिहिलं.

रिक्षात वनमालेनं चपला मांडीवर घेतल्या. तळव्यांची धूळ तिच्या पांढऱ्या लुगड्याला लागत होती. तिनं ती झटकली नाही.