उरलेली हवा

उल्हासने तोंडातली रबरी नळी काढली, नावेच्या काठावर कोपर टेकलं आणि टाकीतल्या हवेच्या दाबाचं घड्याळ वर धरलं. काटा लाल पट्ट्यात होता.

"किती मिनिटं झाली?"

दिनानाथशास्त्र्यांनी हातातल्या मनगटी घड्याळात पाहिलं. ते त्यांच्या मुलाचं, सुश्रुतचं होतं. बुडाला त्या दिवशी तो ते घरीच विसरून गेला होता.

"पंचवीस."

"पुन्हा पंचवीसच," उल्हास म्हणाला आणि त्याने नावेच्या लाकडावर हलकेच मूठ आपटली. नखांत काळा गाळ भरला होता.

नाव काशीतल्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांपासून वीसेक हातांवर उभी होती. खाली तीस-पस्तीस फूट पाणी होतं आणि तळाशी कधीकाळी ढासळलेले घाटाचे दगड. नावाडी प्रल्हाद वल्ह्यावर हनुवटी टेकून बसला होता. शोधाचा आज अकरावा दिवस होता.

"गुरुजी," तो हळू आवाजात म्हणाला, "तीन-चार दिन में तो अपने आप उतरा के ऊपर आ जाते हैं. नहीं आए, मतलब सुश्रुत भैया पत्थर में फँसे हैं. हमार लड़के सब डुबकी मार-मार के हार गए."

शास्त्र्यांनी मान हलवली. रामनगरहून येताना सुश्रुत बसलेली नाव इथेच कलंडली होती. पाचजण होते, चौघे पोहून पायऱ्यांना लागले. रामघाटावर जन्मलेल्या तीस वर्षांच्या सुश्रुतला पोहता येत नव्हतं. लहानपणी तो पाण्याकडे पळाला की शास्त्री त्याला कानाला धरून पाठाला बसवत. लोक कौतुक करायचे, वेदमूर्तींचा मुलगा शोभतो म्हणायचे.

उल्हास त्यांच्या वरच्या खोलीत चार महिन्यांपासून भाड्याने राहत होता. मूळचा मालवणचा, नौदलातून निवृत्त झालेला पाणबुड्या. रेल्वेच्या पुलाचे पाण्याखालचे खांब तपासायचं काम एका कंत्राटदाराकडे होतं, त्यासाठी आला होता. ते काम आता संपत आलं होतं. रोज दुपारी तो साइटवरून एक भरलेली टाकी खांद्यावर घेऊन यायचा. उद्याची शेवटची. परवा कंत्राटदाराचं सामान ट्रकवर चढणार होतं.

"हीच टाकी पुलाखाली पन्नास मिनिटं पुरते," नाव काठाला लागताना तो म्हणाला. "इथे दिसत काही नाही, शास्त्रीबुवा. हातांनी चाचपायचं. दगडाला हात लागला की वाटतं, हाच. छाती धडधडते. मग हवा कशी संपते, कळतच नाही."

पायरीवर मुक्ता उभी होती. सुश्रुतची बायको. तिने रोजच्यासारखं वाकून नळीला लटकणारं दाबाचं घड्याळ उचललं, पदराने काच पुसली आणि काटा पाहिला. पहिल्याच दिवशी उल्हासने तिला तो वाचायला शिकवला होता. कपाळावर कुंकू होतं. घराला सुतक नव्हतं. देहच मिळाला नाही तर सुतक तरी कुठून धरायचं? शेजारच्या बायका तिच्याकडे पाहताना कपाळाकडे पाहत आणि नजर खाली घेत.

देह मिळत नाही तेव्हा काय करतात, हे शास्त्र्यांना पाठ होतं. पळसाच्या तीनशे साठ पानांचा देठांसकट पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. इतरांच्या घरी त्यांनी तो विधी चारदा सांगितला होता. मुक्तासमोर मात्र एकदाच विषय काढला होता.

"पानांना नाही जाळू देणार मी," ती म्हणाली होती. "आधी पुरा शोध होऊ दे, अण्णा."

त्यानंतर ते बोलले नव्हते. पण परवा चुनारकडून येणाऱ्या माणसाकडून त्यांनी पानं मागवली होती आणि जिन्याखाली ओल्या पोत्यात झाकून ठेवली होती. आपण हे केलं याची त्यांना चोरट्यासारखी लाज वाटत होती.

संध्याकाळी ते जिना चढून उल्हासच्या दारात उभे राहिले. आत जावं की नाही, हे बराच वेळ ठरेना.

"या ना, शास्त्रीबुवा."

"मी एक सांगू का? म्हणजे... मला पाण्यातलं काही कळत नाही. पण पन्नास वर्षं मुलांना श्वास पुरवायला शिकवलाय. लांबच्या लांब मंत्र एका दमात म्हणायचा असतो."

उल्हास चटईवर सरसावून बसला. "सांगा की. उद्या एकच टाकी आहे."

"श्वास घ्या. आता धरून ठेवा. मी बोटं मोजतो..."

"धरायचा नाही!" उल्हासने मध्येच हात वर केला. "धरलेल्या श्वासाने वर यायला लागलो तर फुफ्फुसं फाटतील. आणि खाली धरून बसलो तर डोकं गरगरतं. आम्हाला पहिला धडा हाच."

शास्त्र्यांचा चेहरा उतरला. "बघा, म्हणूनच मी विचारत होतो. जीव गेला असता तुमचा माझ्यामुळे."

"अहो, नाही गेला ना! पुढचं सांगा."

"मग धरू नका," ते म्हणाले. " सोडायला शिका. चार मोजून घ्या, आठ मोजून सोडा. दिव्यावर सोडला तरी ज्योत हलू नये, असा."

उल्हासने दहा-बारा वेळा करून पाहिलं. दर वेळी शेवटी त्याचा श्वास तुटत होता. शास्त्री डोळे मिटून ऐकत होते. शिकवताना त्यांचा आवाज नेहमीच स्थिर होई, तसा आताही झाला.

"तुमचं मन पुढे धावतंय. मुलांचंही असंच होतं. हे कधी संपेल, चुकेल का, लोक काय म्हणतील. मन धावलं की दम तुटतो. खाली गेल्यावर आपण काही शोधतोय, हेच विसरा."

"शोधतोय हेच विसरू?"

"हो. हात आपलं काम करतील."

मुक्ता चहा घेऊन दारात कधी आली, ते कुणालाच कळलं नव्हतं.

"उद्या किती मिनिटं मिळतील, भाऊ?"

"पन्नास, वहिनी."

"पन्नास," ती म्हणाली आणि कप ठेवून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता उल्हास नावेवरून पाठमोरा पाण्यात गेला. शास्त्र्यांनी सुश्रुतचं घड्याळ तळहातावर ठेवलं. पाण्यावर बुडबुडे फुटू लागले. सुरुवातीला घाईघाईने येत होते. मग त्यांच्यात अंतर पडू लागलं. शास्त्री ओठांतल्या ओठांत मोजू लागले. चार. आठ. चार. आठ. बुडबुड्यांचा एक लांब झुबका यायचा, पाणी शांत व्हायचं, मग पुन्हा एक.

"बढ़िया साँस चल रही है," प्रल्हाद म्हणाला.

पंचवीस मिनिटं झाली. तीस झाली. एखादा मठ्ठ विद्यार्थी अचानक पाठ अचूक म्हणू लागला की व्हायचा, तसा आनंद शास्त्र्यांना झाला आणि क्षणभर खाली काय चाललं आहे, तेच ते विसरले.

मग त्यांच्या लक्षात आलं. बुडबुडे एकाच जागी येत होते. इतके दिवस ते घाटाच्या अंगाने सरकायचे, वळायचे, परत यायचे, आणि प्रल्हाद नाव त्यांच्यामागे नेत राहायचा. आज त्याचं वल्हं कोरडं होतं.

त्यांनी प्रल्हादकडे पाहिलं. प्रल्हादने नजर पलीकडच्या वाळूच्या तीराकडे वळवली.

बावन्नाव्या मिनिटाला उल्हास वर आला. त्याने काठावर हात ठेवले. नखं स्वच्छ होती.

"नाही सापडला," तो म्हणाला. मग त्याने दाबाचं घड्याळ पाहिलं आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "तुमचं जमलं, शास्त्रीबुवा. आतापर्यंत कधीच एवढी उरली नव्हती. जवळजवळ अर्धी आहे."

त्याने नळी पुन्हा हातात घेतली.

"पुन्हा उतरू?"

त्याचे ओठ निळे पडले होते. शास्त्र्यांनी खालच्या पाण्याकडे पाहिलं. आपण सांगितलं तेच याने केलं, शोधायचंच विसरला. आता उतर म्हटलं तर उतरेल, शोधेल, हाताला दगड लागेल आणि छाती धडधडेल. कदाचित सुश्रुत अडकलाय तोच दगड. उतर, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी ते म्हणण्यासाठी श्वास घेतला. चार मोजून.

"नको," ते म्हणाले. "दमलात तुम्ही. वर या."

मुक्ता शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबली होती. प्रल्हादने दोर बांधला. उल्हासने टाकी पायरीवर ठेवली आणि तो पायातले पट्टे सोडवत बसला.

"हवा संपली, भाऊ?"

उल्हासने शास्त्र्यांकडे पाहिलं.

"संपली," शास्त्री म्हणाले. आवाज स्थिर होता, शिकवतानाचा.

ती वाकली. नळीला लटकणारं घड्याळ तिने उचललं, पदराने काच पुसली आणि पाहिलं. रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. मग काच खाली येईल असं ते दगडावर ठेवलं.

"अण्णा," ती म्हणाली, "जिन्याखालच्या पानांवर सकाळी पाणी शिंपडलंय मी. कोरडी पडत होती."

ती पायऱ्या चढू लागली. शास्त्री तिच्यामागून निघाले. तिसऱ्या पायरीवर त्यांना थांबावं लागलं. श्वास पुरेना.