तपकिरीसाठी साठ गुण

नणंद-भावजयीत विळ्याभोपळ्याचं सख्य असलं तर त्यात नवल ते काय, पण या दोघींनी विळ्यालाही लाजवलं होतं. धाकटी म्हणजे कात्री. गल्लीच्या तोंडाशी तिचं केस कापायचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं, आणि हे नाव तिला धंद्यामुळे कमी, जिभेमुळे जास्त चिकटलं होतं. थोरली म्हणजे मास्तरीण, कात्रीच्या नवऱ्याची मोठी बहीण. ती घोडेस्वारीच्या शाळेत मुलांना शिकवायची आणि शाळा सुटल्यावर उरलेल्या जगाला. दोघींना भांडायला कारण कधीच कमी पडलं नव्हतं, पण यंदा एकच कारण सगळ्यांना पुरून उरलं होतं. ते म्हणजे तपकीर नावाची घोडी.

घोडी तशी सासऱ्यांची. सासऱ्यांचा उभा जन्म नालबंदीत गेला होता. घोड्यांचे खूर मांडीवर घेऊन घेऊन कंबर गेली आणि हातोड्याच्या आवाजाने कान गेले. तपकीर शिंगरू होती तेव्हापासून तिला मास्तरणीने शिकवली, हे खरं. दोन वर्षांपूर्वी मास्तरीण दुसऱ्याच एका घोड्यावरून पडली, तिच्या खुब्याचं हाड मोडलं, आणि तपकीर कात्रीच्या गळ्यात पडली, हेही खरं. कात्रीने आधी नाक दाबून शेण काढलं, मग खरारा करायला शिकली, मग एक दिवस पाठीवर बसली. एकदा घोडीचं पोट दुखलं तेव्हा दुकान बंद ठेवून दिवसभर तिला अंगणात फिरवत राहिली. त्या दिवसापासून तपकीर आपली, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि आता मास्तरीण बरी होऊन, विसरलेली छत्री परत न्यायला यावं तशी घोडी न्यायला आली होती. तिच्या शाळेत घोडं बांधायचं एक ठाण रिकामं झालं होतं.

जेवणाच्या टेबलावर ठिणगी पडली. मास्तरीण म्हणाली, शेण काढलंस, उपकार झाले, पण शिकवली मी. कात्रीने लगेच कात्री चालवली. तुम्ही शिकवलेलं ती कधीच विसरली, माझ्याखाली तुमच्यापेक्षा चांगली चालते. मास्तरीण म्हणाली, मग मैदानात दाखव. दोघी इतक्या ओरडत होत्या की बहिऱ्या सासऱ्यांनाही सगळं ऐकू गेलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"सहा आठवड्यांनी हौशी लोकांची स्पर्धा आहे," ते म्हणाले. "चालींच्या परीक्षेत साठ गुण मिळाले तर घोडी सुनेची. एक जरी कमी पडला तर लेकीची. आणि मग या टेबलावर घोडीचं नाव नको."

चालींची परीक्षा म्हणजे शर्यत नव्हे. लांबट रिंगणाच्या कडेला अक्षरांच्या फळ्या लावलेल्या असतात. अमक्या फळीपाशी वर्तुळ काढायचं, तमक्या फळीपासून तिरपं जायचं, इथे दुडकी, तिथे दौड, असा सगळा क्रम एका कागदावर ठरलेला असतो, आणि परीक्षक प्रत्येक हालचालीला गुण देतात. हौशी लोकांना एक सवलत असते. रिंगणाबाहेर उभं राहून कुणीतरी तो कागद मोठ्याने वाचून दाखवला तर चालतं. कात्रीला या सवलतीशिवाय गत्यंतर नव्हतं. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचा भोवरा ती दहा वर्षं विसरायची नाही, पण कागदावरचा क्रम तिच्या डोक्यात दहा मिनिटं टिकायचा नाही. गेल्या वर्षी पाठ करून गेली होती आणि रिंगणाच्या मधोमध घोडीसकट खांबासारखी उभी राहिली होती.

म्हणून वाचायचं काम नवऱ्याकडे आलं. नवरा वायरमन. मागच्या अंगणात रंगाचे रिकामे डबे ठेवून त्यांवर अक्षरं रंगवली होती, आणि हा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून वाचायचा. त्याचं वाचन म्हणजे वरातीमागून घोडं. तपकीर डब्यापाशी पोचली की हा ओळ शोधायचा, ओळ सापडली की घसा साफ करायचा, आणि डबा मागे पडला की सांगायचा, "इथे वळायचं होतं." पहिला आठवडा कात्रीने त्याचा उद्धार केला. दुसऱ्या आठवड्यात तिने त्याला सुधारायचा नाद सोडला आणि स्वतःलाच सवय लावून घेतली. शब्द कानावर पडला की त्याच पावलाला वळायचं, विचार करायचा नाही. तपकीरही तशीच तयार झाली. नवराही थोडा सुधारला, आणि एकाच्या उशिरावर दुसऱ्याची घाई बसवून तिघांचं गाडं रुळावर आलं. जगात कुणी असं शिकत नाही, पण त्या अंगणात ते बिनचूक चालायचं.

मास्तरीण दर रविवारी यायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. कुणाकडेही न बघता बोलायची. खांदे बघा, दोरीवर वाळत घातलेत. टाच बघा, गेली कुठे. कात्री तपकिरीच्या कानात पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "लक्ष देऊ नकोस गं, काही लोकांना उंटावरून शेळ्या हाकायची सवयच असते." एका रविवारी मास्तरणीने वाचनाचा तो गोंधळ पाहिला आणि भावाला म्हणाली, अरे, एक फळी आधी वाचायचं असतं, स्वाराला तयारीला वेळ नको का? कात्रीने तिथल्या तिथे सुनावलं की आमच्या घरात कसं वाचायचं ते आम्ही बघू. "घोडामैदान जवळच आहे," एवढंच म्हणून मास्तरीण निघून गेली.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे उठून कात्रीने तपकिरीच्या आयाळीच्या एकवीस वेण्या घातल्या, सुई-दोऱ्याने टाचून पक्क्या केल्या, शेपूट विंचरली, खुरांना तेल लावलं. हे काम तिच्या हातचं होतं आणि तिला ठाऊक होतं की आख्ख्या मैदानात असली आयाळ दुसरी नसेल. मास्तरणीने येऊन बघितलं. "वेण्यांना गुण नसतात," ती म्हणाली.

खरी आफत पुढेच होती. तीन दिवस सर्दीने हैराण असलेला नवरा त्या सकाळी बोलायला गेला आणि तोंडातून नुसती हवा आली. गरम पाणी झालं, मध झाला, गुळण्या झाल्या. मैदानावर पोचेपर्यंत हवेची शिट्टी झाली होती, बस. तंबूतल्या टेबलावर नाव नोंदवणारी बाई विचारत होती, वाचणार कोण? ओळखीचे सगळे आपापल्या घोड्यांत गुंतलेले.

"मी वाचते," मागून मास्तरीण म्हणाली.

सासरे खुर्चीवर बसले होते. त्यांनी कानामागे हात धरला, तेव्हा तिने तेच मोठ्याने परत सांगितलं. सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. नको म्हणावं तर घाबरली असं होणार, हो म्हणावं तर मांजराच्या हवाली दूध. कात्रीला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. घोडी जिला हवीय तिच्याच हातात कागद. पण वेळ उरली नव्हती. तिने मान हलवली आणि रिकिबीत पाय घातला.

सुरुवात बरी झाली. तपकीर दुडकीने आत आली, मधोमध थांबली, कात्रीने परीक्षकांना मान लववली. मग मास्तरणीचा खणखणीत आवाज आला, "ब फळीपाशी डावीकडे मोठं वर्तुळ." तपकीर अजून कोपऱ्यात होती, ब फळी पुढे चांगली लांब. पण सहा आठवड्यांची सवय. शब्द कानावर पडला आणि कात्रीचा हात वळला, घोडीही वळली, आणि कोपऱ्यातच वर्तुळ सुरू झालं.

घंटा वाजली. परीक्षकांनी थांबवून सांगितलं, चूक झाली, परत कोपऱ्यापासून या. दोन गुण गेले.

कात्रीच्या डोक्यात एकच गोष्ट लख्ख उजाडली. हिने मुद्दाम लवकर वाचलं. बघितलंय हिने अंगणात, मी ऐकल्या पावलाला वळते ते. माझ्याच सवयीचा फास करून माझ्या गळ्यात टाकला. रागाने तिचे कान तापले आणि तिने ते बंद करून टाकले. यापुढे आपल्या डोक्याने जायचं, सहा आठवडे ऐकलंय, काहीतरी आठवेलच. दोन हालचाली आठवल्यासुद्धा. तिसऱ्याला मास्तरणीने वाचलं, "क पासून ड पर्यंत तिरपं, दुडकीने." कात्रीला आठवत होती ती सरळ दौड. तिने मनात म्हटलं, वाच, वाच, वाटेल ते वाच. आणि तपकिरीला सरळ दौडवत नेली.

घंटा पुन्हा वाजली. दुसऱ्या चुकीचे चार. परीक्षक वयस्क गृहस्थ होते, आवाजात राग नव्हता.

"बाई, तुम्हाला वाचून दाखवणाऱ्या अगदी बरोबर सांगतायत," ते म्हणाले. "आणि वेळेवर सांगतायत. जरा ऐका. तिसऱ्यांदा चुकलात तर बाहेर जावं लागेल."

कुणीतरी भर मैदानात तोंडात मारावी तसं झालं तिला. आता दुसरा इलाज नव्हता. तिने श्वास घेतला आणि ऐकलं. मास्तरीण एक फळी आधी सांगत होती, आणि कात्रीने शब्द कानात धरून ठेवला, फळी येईपर्यंत लगाम जुळवला, पाय लावला, मगच वळली. तपकिरीच्या पाठीत सहा आठवड्यांत कधी आली नव्हती ती ऐट आली. वर्तुळं गोल झाली. दौड सुरू झाली तेव्हा कुंपणापाशी उभे असलेले लोक बोलायचे थांबले. परीक्षेचा उरलेला अर्धा भाग तिने आयुष्यात कधी केला नव्हता इतका सुंदर केला, तोही त्या बाईच्या आवाजावर, आणि हे कळत असताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

तंबूच्या खांबावर कागद लागला. चौसष्ट गुण, त्यातून चुकांचे सहा वजा. अठ्ठावन्न.

सासऱ्यांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला. इतक्या लांबून त्यांना घंटा ऐकू आल्या नव्हत्या की वाचन. नवरा त्यांच्या कानाशी वाकला आणि उरलासुरला घसा फाडून म्हणाला की ताईने लवकर लवकर वाचून हिला गोंधळात पाडलं, मी समोर होतो. सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"का गं?" ते लेकीला म्हणाले. "असं केलंस?"

मास्तरीण हातातल्या कागदाची घडी घालत होती. "मला कशाला विचारता," ती म्हणाली. "तिला विचारा."

सगळे कात्रीकडे बघायला लागले. तिला कळत होतं, एका वाक्याचं काम आहे. घाईने वाचलं, एवढं म्हटलं की पुरे. तेही धड खोटं नव्हतं, लवकरच वाचलं होतं तिने. म्हाताऱ्याचा निकाल तिथेच फिरला असता, तपकीर घरी आली असती आणि मास्तरणीचं तोंड जन्मभर काळं झालं असतं. कात्रीच्या जिभेवर ते वाक्य आलंही. पण समोर ती बाई नुसती उभी होती, ना विनवणी, ना रागावणं, आणि कात्रीला दिसलं की आता आपण खोटं बोललो तर ही मरेपर्यंत आपल्यापेक्षा वर राहील. घोडी आपल्याकडे असेल आणि मान हिची ताठ असेल. ते तिला सोसलं नसतं.

"नीट वाचलं," ती म्हणाली. "एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मीच ऐकलं नाही." मग ती नणंदेकडे वळली. "आणि त्याबद्दल मी तुम्हाला कधी माफ करणार नाही, ताई."

"माफी मागितलीय कोणी," मास्तरीण म्हणाली. "दोर दे."

कात्रीने दोर दिला. वेण्या सोडायच्या राहिल्या होत्या, म्हणून ती टाके कापत उभी राहिली. एकवीस वेण्या, एकेक करून. नवरा सासऱ्यांना घेऊन गाडीकडे गेला. मास्तरणीने घडी घातलेला तो परीक्षेचा कागद पुन्हा उघडला, कोऱ्या बाजूवर पालथा केला आणि खिशातून पेन्सिल काढली.

"दोन वर्षांत बदलली असेल," ती म्हणाली. "काय खाते, काय सोसत नाही, सगळं सांग. सावकाश सांग, लिहून घेते."

कात्रीने एक टाका कापला. हिला काहीही खोटंनाटं सांगता येईल, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग ती सांगायला लागली. पाणी गार चालत नाही, जरा तापवून द्यायचं. भुसा भिजवल्याशिवाय द्यायचा नाही, ठसका लागतो. डाव्या बाजूने पटकन जवळ जायचं नाही, आधी आवाज द्यायचा. पोट दुखायला लागलं की वरचा ओठ मुडपते, ते दिसलं की डॉक्टरची वाट बघत बसायचं नाही, लगेच फिरवायला घ्यायचं. मास्तरीण एकेक शब्द उतरवून घेत होती. हे खरं ना, असं तिने एकदाही विचारलं नाही, मान वर करून बघितलंही नाही. घोडी गेल्याचंही कात्रीला इतकं लागलं नव्हतं.