जीभ झोपवणारी भुकटी

हॉल खचाखच भरलेला. स्टेजवर माझे धाकटे दीर पाण्याचा पेला तोंडाला लावून उभे आणि शेजारी घशाचे आजार बरे करणारे म्हणून गाजलेले कंठमहाराज डोळे मिटून. नुकतीच त्यांनी दिरांच्या जिभेवर चिमूटभर भुकटी ठेवली होती. गटगट, गटगट. एक ठसका नाही! टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात टाळ्या पिटणारी बाई मीच. बी.एस्सी., प्रथम श्रेणी.

भाऊजींना डाऊन सिंड्रोम आहे, वय एकतीस. वर्षभर जेवताना ठसका, अर्धं ताट तसंच; वजन नऊ किलोनं उतरलेलं. डॉक्टरांचं नाव काढलं की सासूबाई म्हणत, "अशी माणसं तिशीनंतर सुकतातच गं."

"दोष घशात नाही, नशिबात आहे!" महाराज गरजले. "जेवणाआधी चिमूटभर भुकटी जिभेवर. शंका घ्याल, तर गुण जाईल!"

मी शंका घेतली नाही. शंका घ्यायला शिकवावं म्हणून वडिलांनी मला कॉलेजात घातलं होतं, पण असो.

"वहिनी, जीभ झोपली," भाऊजी पहिल्याच दिवशी म्हणाले.

"झोपू दे हो, दमली असेल," मी हसले. घरभर हशा.

आठव्या दिवशी ताप आला, छातीत घरघर सुरू झाली. भाऊजी पुन्हा तेच म्हणाले, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मुलीला भरवताना प्रत्येक घास मी आधी चाखते; ही भुकटी मात्र चाखायचं सुचलं नव्हतं. चाखली. दोन मिनिटांत जीभ लाकूड! चहाचा घोट हनुवटीवरून थेट साडीवर.

"अगं, तोंड वाकडं का केलंस?" सासूबाई घाबरल्या.

"शू... शुन्न झालंय!"

पुडी आणि भाऊजी, दोघांना घेऊन दवाखाना गाठला. भुकटीत बधिर करायचं औषध निघालं.

"ठसका हा घशाचा पहारेकरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घास श्वासनळीकडे वळला की तो ओरडतो. महाराजांनी चोर पकडलाच नाही. पहारेकऱ्याला गुंगी दिली. अन्न गुपचूप छातीत जात होतं."

न्यूमोनिया उतरायला बारा दिवस लागले. मग गिळण्याची तपासणी झाली. आता भाऊजी ताठ बसून, मऊ, लहान घास सावकाश खातात; वजन तीन किलोनं वाढलंय.

घरातलं असं माणूस जेवताना ठसकत असेल, वाळत असेल, तर "अशीच असतात" म्हणू नका. गिळणं तपासून घ्या. आणि घास ज्याच्या घशात अडतो, तो काय सांगतोय ते माझ्यासारखं हसण्यावारी नेऊ नका.